पुण्याला एकदा हरवायचंय

माणूस समोर आला की त्याच्या तोंडाकडे बघायच्या आधी अप्पा त्याच्या पोटऱ्यांकडे बघत. दुकानात नव्याने लागलेला कारकून असो, पत्र घेऊन आलेला पोस्टमन असो, नाहीतर पुतणीला बघायला आलेला नवरामुलगा असो, अप्पांची नजर आधी खाली जायची आणि मग सावकाश वर यायची. ती वर येईपर्यंत त्यांचं मत तयार झालेलं असे. ते मत ते मनात ठेवत नसत, ही खरी अडचण होती. पुतणीचं ते स्थळ त्या पायीच मोडलं, असं त्यांच्या घरात अजून म्हणतात.

मी सोलापूरच्या एका हायस्कुलात इंग्रजी आणि भूगोल शिकवायला लागलो, तेव्हा मास्तरांमध्ये वयाने सगळ्यांत लहान मीच होतो. म्हणून हेडमास्तरांनी खेळाचं लोढणं माझ्या गळ्यात बांधलं. पत्त्यांपलीकडे मी आयुष्यात काही खेळलो नव्हतो, पण नव्या नोकरीत हे सांगायचं कसं? पहिल्याच संध्याकाळी गळ्यात शिट्टी अडकवून मैदानावर गेलो, तर कडेच्या लिंबाखाली एक जाडजूड गृहस्थ खुर्ची टाकून बसले होते. डोक्याला रुमाल, कपाळावर विभूतीचे पट्टे, धोतरावर काळा कोट. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"मास्तर, तुमी खेळत न्हाय," ते म्हणाले.

"कशावरून?"

"पोटरी खोटं बोलत न्हाय की." मग माझा चेहरा बघून त्यांना माझी दया आली असावी. "असू द्या. मी बी खेळत न्हाय. बसा हितं."

मी बसलो. त्यानंतर सात-आठ वर्षं, सुट्ट्या सोडल्या तर, रोज संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसत होतो.

त्यांचं नाव मल्लेशप्पा. सगळं गाव त्यांना अप्पा म्हणे. भुसाराच्या बाजारात त्यांचं आडतीचं दुकान होतं. घरात कानडी, बाजारात मराठी, विणकरांच्या गल्लीत तेलुगू आणि गाडीवानांशी दखनी असा त्यांचा चौफेर कारभार होता. शिव्या मात्र ते मराठीतच देत. "कानडीत शिवी दिली तर आई आठवती," म्हणायचे. याच शाळेतून ते तीनदा मॅट्रिकला बसले आणि तीनदा नापास झाले. शाळा त्यांना केव्हाच विसरली होती. पण ते "आपली शाळा" म्हणाले की ऐकणाऱ्याला वाटावं, हे तिचे संस्थापकच. गिरणीचा संध्याकाळचा भोंगा झाला की ते गादीवरून उठत, दुकान मुनिमावर टाकत आणि मैदानाची वाट धरत. भाव चढलेला असो की पडलेला, त्यात फरक नाही.

आमच्या शाळेचा खेळ म्हणजे हुतुतू. क्रिकेटचं सामान परवडत नव्हतं, आणि हुतुतूला अंग आणि दम यांपलीकडे काही लागत नाही. अप्पांना या संघाची जी काळजी होती, ती स्वतःच्या पोटच्या पोरांचीही नसेल. जून महिन्यात कोण मॅट्रिक होऊन गेला याची काळजी, श्रावणात नवे कोण आले याची, दिवाळीला कोण हिवतापाने पडेल याची. सगळ्यांत मोठी काळजी म्हणजे आपलं पोर दुसरा कोणी पळवील याची. सात रस्त्याकडच्या एका शाळेने खेळाडूंना दूध सुरू केलं, त्या दिवशी अप्पा मैदानावर आले ते घाम पुसतच.

"दूध देतेत म्हनं, मास्तर. आज दूध देतेत, उद्या तूप देतील. मग आपल्याकडं कोन ऱ्हातंय?"

त्यांच्या आग्रहाखातर मी दुधाची गोष्ट हेडमास्तरांच्या कानावर घातली. हेडमास्तर म्हणाले, "ही शाळा आहे, गोठा नाही." हे उत्तर मी अप्पांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या घरून पितळी चरवी यायला लागली.

नवी पोरं आणणं हा त्यांचा खरा छंद. ज्वारी बघायच्या निमित्ताने ते तालुक्या-तालुक्याचे बाजार फिरत आणि येताना ज्वारीऐवजी पोराची बातमी घेऊन येत. केम गावाहून एकदा एक पोर आणलं. पोटऱ्या अशा, की अप्पा आठवडाभर त्यांचं वर्णन करत होते. ते पोर नवव्या दिवशी घरच्या आठवणीने गाडीत बसून परत गेलं. "पोटरी चांगलीच हुती," अप्पा म्हणाले, "पन परत जायला बी चांगलीच हुती की." नातेपुत्याच्या बाजारात मात्र त्यांना बिरा सापडला. धनगराचं पोर, मराठी चौथी झालेलं. लंगडी मेंढी खांद्यावर घेऊन कळपामागे पळत होतं. अप्पांनी ज्वारीचा सौदा अर्ध्यावर टाकला आणि पोराच्या बापाशेजारी जमिनीवर जाऊन बसले.

"शिकून त्यो काय करनार?" बापाने विचारलं.

"मॅट्रिक हुईल."

"आन मग?"

"मग तुमची मेंढरं इंग्रजीत मोजील."

बाप हसला, आणि हसलेला माणूस सौद्यातून उठत नाही हे अप्पांना ठाऊक होतं. बिरा त्यांच्या दुकानाच्या माळ्यावर राहून शिकू लागला. हळूहळू आमच्या संघाचा तो खांब झाला. त्याने एकदा पाय धरला की चढाईला आलेला गडी परत जात नसे.

पण अप्पांचं सगळ्यांत मोठं घबाड म्हणजे नरसय्या, आणि त्याला पोटऱ्याच नव्हत्या. विणकरांच्या गल्लीत अप्पा कोणाकडे तरी गेले होते. तिथे पोरं चेडुगुडू खेळत होती. चेडुगुडू म्हणजे हुतुतूच, फक्त चढाई करताना 'हुतुतू'च्या जागी 'चेडुगुडू' म्हणायचं. त्यात एक वाळकं पोर दम धरून गेलं ते परत यायचं नावच घेईना. अप्पा बैलगाडी गल्लीच्या तोंडाशी उभी करून बघत राहिले, मागच्या गाड्या खोळंबल्या. संध्याकाळी मला म्हणाले, "मास्तर, पाय काडीवानी हायत. पन छातीत भाता हाय, लोहाराचा."

नरसय्याचा बाप राजय्या घरच्या मागावर लुगडी विणत असे. पोराला शाळेत घातलं होतं, पण शाळेआधी आणि शाळेनंतर त्याला मागावर बसावंच लागे. खेळायला वेळ कुठला? अप्पांनी राजय्याच्या ओसरीवर तीन बैठका घातल्या आणि शेवटी शब्द दिला, की दिवेलागणीच्या आत पोराला मी स्वतः मागावर आणून बसवीन. तेव्हापासून रोज संध्याकाळी पुढे वाळकं पोर आणि मागे धापा टाकणारे अप्पा, अशी वरात विणकरांच्या गल्लीकडे निघायची. एवढे कष्ट त्यांनी स्वतःच्या मुलीच्या शाळेसाठी घेतले नव्हते, असं त्यांची बायको मला एकदा म्हणाली होती.

एकच घोर होता. प्रांतातल्या शाळांचे सामने दर हिवाळ्यात होत. आमचा गट पुणे, सातारा, नगरचा. त्या गटाच्या नियमात दम 'हुतुतू' असाच हवा होता. बोल बदलला की दम तुटला, गडी बाद. नरसय्याला ते माहीत होतं, सरावात तो हुतुतूच म्हणायचा. पण कोंडीत सापडला आणि जीव कासावीस झाला, की तोंडातून चेडुगुडू बाहेर पडायचं. आईच्या दुधाबरोबर आलेला बोल तो. अप्पांनी त्याला मागावर बसल्या बसल्या हुतुतूची घोकंपट्टी करायला लावली. धोट्याच्या प्रत्येक फेरीला हुतुतू, हुतुतू. राजय्या तक्रार घेऊन आला, की याच्या नादात माझे धागे तुटतात, आणि आता धाकटाही तेच बडबडतो.

या सगळ्या आटापिट्यामागे अप्पांचं एकच स्वप्न होतं. आमच्या गटात पुण्याची एक शाळा होती. अप्पा विद्यार्थी होते तेव्हापासून त्या शाळेने आम्हाला दर वर्षी हरवलं होतं. कधी थोडक्यात, कधी धुऊन काढलं, पण हरवलं. अप्पांचा त्या शाळेवर राग नव्हता. तिच्याविषयी बोलताना ते आवाज खाली आणत, घरातल्या वडीलधाऱ्या माणसाविषयी बोलावं तसा. "एकदा," एवढंच म्हणत. "पुन्याला एकदा हरवायचंय."

आणि अशात हेडमास्तर सामन्यांच्या कमिटीकडून एक बातमी घेऊन आले. पुढच्या वर्षापासून गटांची फेरमांडणी होणार होती. सोलापूर पुण्याच्या गटातून निघून दक्षिणेच्या गटात जाणार, विजापूर, धारवाड, बेळगावबरोबर. रेल्वेची सोय, खर्चाची बचत, आणि शिवाय, कमिटीतल्या कोणी म्हटलं होतं, सोलापूर अर्धं कानडीच आहे की.

मी ही बातमी अप्पांना मैदानावर सांगितली. समोर पोरं खेळत होती, तिकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"मी कानडी हाय, हे मला म्हाईत हाय," शेवटी म्हणाले. "त्यांनी कशाला सांगायचं? आन विजापूर माझी सासरवाडी हाय, मास्तर. तितं जिंकलो तर बायको बोलायची न्हाय, हरलो तर मेव्हना बोलायचा थांबायचा न्हाय."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"ज्याच्याकडनं हरलो त्याच्यासंगंच खेळाय पायजे. दुसऱ्याला हरवून काय करू? हरलेलं तसंच ऱ्हातं की."

मी त्यांना म्हटलं, की दक्षिणेच्या गटात बोल कुठलाही चालतो, दम टिकला म्हणजे झालं. नरसय्याची तिथे चांदी होईल. अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. हे त्यांच्याही मनात येऊन गेलेलं असणार. "ते बी खरं हाय," म्हणाले, पण आवाज असा होता, की मी विषय वाढवला नाही. दुसऱ्या दिवशी ते कोट-रुमाल चढवून हेडमास्तरांकडे गेले आणि अर्ज करा, तार करा, मी स्वतः जाऊन पाया पडतो, असं सगळं सांगून आले. हेडमास्तरांनी चहा पाजला आणि कमिटीचा निर्णय म्हणजे निर्णय, असं सांगून वाटेला लावलं. पुण्याला हरवायला आता एकच हिवाळा उरला होता.

त्या हिवाळ्याचा सामना मी विसरणं शक्य नाही. गटाची शेवटची फेरी पुण्यातच होती, आणि आम्ही पहिल्यांदाच बरोबरीने खेळत होतो. बिराने त्यांचे दोन बिनीचे गडी धरून बसवले होते. वेळ संपत आली होती. शेवटच्या चढाईला नरसय्या गेला. एकाला शिवला, वळला, आणि पाचजण त्याच्या अंगावर पडले. कंबर, पाय, मान, सगळं धरलेलं. त्या ढिगाखालून हुतुतू, हुतुतू ऐकू येत होतं आणि ढीगच्या ढीग इंचाइंचाने मध्यरेषेकडे सरकत होता. अप्पा खुर्चीवरून उठले होते. नरसय्याचा हात ढिगातून बाहेर आला. बोटं रेषेवर टेकली. आमची पोरं नाचायला लागली.

पंचांनी हात वर केला. दम तुटला, म्हणाले. शेवटच्या हातभर अंतरात नरसय्याच्या तोंडून चेडुगुडू निघालं होतं. मीही ते ऐकलं होतं, खोटं कशाला बोलू? पंचांची चूक नव्हती. ढिगातून उठलेलं पोर मातीने माखलेल्या तोंडाने नुसतं उभं होतं. अप्पा त्याच्याजवळ गेले, आपल्या रुमालाच्या शेवाने त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाले, "दम तुटला न्हाय रे तुजा. बोल तुटला." मग आमच्या बाकीच्या पोरांकडे वळून, "जा, त्यांना नमस्कार करून या. हरल्यावर पळायचं नसतंय."

पुण्याच्या शाळेचे खेळाचे मास्तर त्याच संध्याकाळी आमच्या उतरण्याच्या जागी आले. सज्जन माणूस. नरसय्याला आमच्या शाळेत घेऊ, म्हणाले. वसतिगृहात राहील, जेवण-कपडा शाळेचा, मॅट्रिक होईपर्यंत सगळं बघू. अप्पा कोपऱ्यात बसून ऐकत होते. इतकी वर्षं ज्याची धास्ती घेतली, ते दारात येऊन अदबीने विचारत होतं.

सोलापूरला आल्यावर पुढचा आठवडाभर अप्पांनी पुण्याची जेवढी बदनामी केली, तेवढी कोणी केली नसेल. तिथलं पाणी बाधतं. तिथे भाकरी मिळत नाही, चपात्या असतात, त्यानं पोट कसं भरणार? थंडी हाडात शिरते. पेशव्यांचं गाव, गरिबाच्या पोराला हसतील. हे सगळं ते नरसय्याला ऐकू जाईल अशा आवाजात बोलत. मी ते ऐकत होतो आणि मनातून त्यांच्याच बाजूचा होतो. आपलं पोर आपल्याकडे राहावं, यात वाईट काय?

मग एक दिवस राजय्या पोराला घेऊन दुकानात आला. मीही तिथे बसलो होतो. हमाल पोती वाहत होते, ज्वारीची धूळ उडत होती. राजय्या म्हणाला, "अप्पा, तुमी आणलं याला खेळात. आता तुमी सांगा. धाडू का नको?"

अप्पांनी मूठभर ज्वारी हातात घेतली, दाणे या हातातून त्या हातात केले. नरसय्याला विचारलं, "सकाळी मागावर कवा बसतो?"

"दिस उगवायच्या आधी."

"आन अभ्यास?"

"मागावरच. तोंडानं म्हणतो."

अप्पांनी दाणे परत या हातातून त्या हातात केले. आता ते पुण्याचं पाणी काढणार, असं मला वाटलं.

"राजय्या," ते म्हणाले, "मॅट्रिकची परीक्षा शिमग्याच्या सुमाराला येती. आन नवी ज्वारी बी तवाच येती. तीनदा बसलो मी. तिन्ही येळंला बाप म्हनला, चार दिस काट्यावर बस, मानसं कमी हायत. मी बसलो. बापाचं काय चुकलं न्हाय, दुकान हुतं. पन मी नापास झालो, आन जलमभर शाळंच्या बाहेर खुर्ची टाकून बसलो." दाणे त्यांनी परत ढिगात टाकले. "हितं ऱ्हायला तर परीक्षेच्या आदल्या दिशी बी ह्यो मागावरच आसंल. धाकटा बसतोय आता मागावर. ह्याला धाड."

पुढचं ते तेलुगूत बोलले. मला कळलं नाही, पण राजय्याने डोळे पुसलेले दिसले. मला तेव्हा अप्पांविषयी जे वाटलं, त्याला आदर म्हणणं कमी पडेल. या माणसाने आपल्या घरातलं सोनं उचलून शेजाऱ्याच्या दारात नेऊन ठेवलं होतं, आणि शेजारी तरी कोण, तर पुणे.

संध्याकाळी ते मैदानावर आले, पण चेहरा उतरलेला होता. "आपल्याच हातानं आपलं बी दुसऱ्याच्या रानात पेरलं, मास्तर," म्हणाले, आणि बिरा कसा ढिला पडलाय यावर घसरले. नरसय्याला पोचवायला स्टेशनवर आम्ही दोघं गेलो. पुण्याच्या मास्तरांसाठी अप्पांनी एकच निरोप दिला: दम लांब हाय, वजन न्हाय, रोज दूध द्या.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही दक्षिणेच्या गटात खेळलो. अप्पांनी आधी कुरकुर केली, मग विजापूरला सगळ्यांच्या पुढे गाडीतून उतरले. मेव्हण्याने स्टेशनवर हार घातला आणि मैदानावर विजापूरच्या बाजूने घसा बसेपर्यंत ओरडला. आम्ही जिंकलो. धारवाडलाही जिंकलो. आणि मग कळलं की दोन्ही गटांच्या विजेत्यांचा एक शेवटचा सामना व्हायचा आहे. तिकडून जिंकून आली होती तीच पुण्याची शाळा. अप्पांना हे सांगितलं तेव्हा ते दुकानात उभे होते. ते खाली बसले.

"देवानं उलट्या वाटंनं नेऊन तितंच सोडलं की," म्हणाले.

सामना पुण्यातच, सकाळी होता. सुरू व्हायच्या आधी नरसय्या आमच्याकडे आला. अंग भरलं होतं, पुण्याचे कपडे, तेल लावून बसवलेले केस. अप्पांच्या पाया पडला. अप्पांनी त्याच्या पायांकडे पाहिलं, वर पाहिलं, आणि एकच बोलले, "आमच्या पोरांना सोडू नगं." तो मान हलवून गेला.

खेळ रंगला. बिरा कर्णधार होता आणि जन्मात खेळला नसेल असा खेळला. शेवटाकडे आम्ही एका गुणाने पुढे होतो. मला आठवतं, मी अप्पांचा हात धरला होता. नरसय्या चढाईला आला. हुतुतू आता त्याच्या तोंडी पाण्यासारखं वाहत होतं. तो कोपऱ्यात शिरला आणि बिराचा पाय घसरला. बिरा त्याच्यापासून हातभर अंतरावर, जमिनीवर, उताणा. नुसतं बोट लावायचं होतं.

नरसय्याने हात पुढे केला आणि मागे घेतला. वळला आणि रिकामा परत गेला.

कोणाच्या फारसं लक्षात आलं नाही. लोकांना वाटलं, पोहोचला नाही. माझ्या लक्षात आलं, आणि माझा जीव भांड्यात पडला. आता थोडीच मिनिटं काढायची होती. पण अप्पांनी माझा हात सोडवला, ते उठले आणि थेट रेषेपर्यंत चालत गेले.

"नरसय्या, आडरा!"

खेळ रे, असं ते तेलुगूत म्हणाले होते. सगळं मैदान त्या जाड्या माणसाकडे बघत राहिलं. नरसय्याने खाली मान घातली. त्याच्या पुढच्या चढाईत त्याने आमचे दोन गडी मारले, एक बिरा आणि एक कोपऱ्यातला. पुण्याची शाळा जिंकली.

मला अप्पांचा राग आला. खरा राग. आमची पोरं मातीत बसून रडत होती, हेडमास्तरांनी तोंड फिरवलं होतं, आणि ज्या माणसाने हे सगळं उभं केलं, त्यानेच ते पाडलं होतं. परतीच्या गाडीत अप्पांनी घरून आणलेल्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बाहेर काढली, कोणी हात लावला नाही. शेवटी दौंड सुटल्यावर बिराच बोलला.

"का वरडला अप्पा?"

अप्पा भाकरी मोडत होते. "तू पडला आन त्यानं हात मागं घेतला. बगितलं न्हवं तू?"

"बगितलं."

"मग? त्यानं दिलेलं घिऊन घरी आलो असतो. पुन्याला हरवलं म्हनून मी गावभर पेढे वाटले असते, आन तुला म्हाईत असतं, मला म्हाईत असतं, त्याला म्हाईत असतं. आमी पुन्याला हरवाय गेलतो, बिरा. मागाय न्हाय." थोडं थांबून म्हणाले, "आन त्या पोराला बी सवय लागली असती. माझ्याकडं बगून हात मागं घ्यायची. म्या त्याला त्यापायी धाडलं न्हाय."

बिराने हात पुढे करून भाकरीचा तुकडा घेतला. "फुडच्या येळंला घसरत न्हाय," म्हणाला. त्यानंतर सगळ्यांनी खाल्लं. मीही खाल्लं. माझा राग कुर्डूवाडीपर्यंत टिकला नाही.

पुढची दोन वर्षं आम्ही दक्षिणेच्या गटातच हरलो. शेवटच्या सामन्यापर्यंत पोहोचलोच नाही. बिरा मॅट्रिक झाला, नरसय्याही झाला, आणि पेढे घेऊन पहिल्यांदा अप्पांच्या दुकानात गेला, मग घरी. तिसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात अप्पांना कसलातरी ताप आला आणि ते त्यातून उठले नाहीत. मी भेटायला गेलो तेव्हा नवीन पोरं कोण आली, एवढंच विचारलं. लिंगायतांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून नेलं. राजय्या, बिरा, नरसय्या, सगळे आले होते. मी त्या गर्दीत मास्तर म्हणून उभा नव्हतो. घरातलं माणूस गेल्यावर उभं राहतात तसा उभा होतो.

त्यानंतर काही वर्षांनी आमच्या शाळेने पुण्याला हरवलं. सरळ, उजेडात, कोणी काही न सोडता. पोरांनी मला खांद्यावर घेतलं, हेडमास्तरांनी सुट्टी जाहीर केली. सोलापूरला उतरल्यावर मी घरी न जाता आधी भुसाराच्या बाजारात गेलो. गादीवर अप्पांचा थोरला मुलगा बसला होता. त्याला खेळाचं कधीच वेड नव्हतं, बिचाऱ्याचा त्यात काही दोष नाही.

"आपण पुण्याला हरवलं," मी म्हणालो.

त्याने मान वर केली. "बरं झालं की, मास्तर. बसा." त्याने माझ्यासाठी चहा सांगितला. चहा येईपर्यंत आम्ही दोघं ज्वारीच्या भावाबद्दल बोलत बसलो.